ओसरीवरचा कागद

नवरोज होऊन गेला, सणाच्या सुमलक-खिरीची कढई घासूनपुसून पालथी पडली, तरी त्या वर्षी थंडी गावातून हलायचं नाव घेईना. जर्दाळू बिचारे नेहमीच्या वेळेला फुलले आणि दोनच दिवसांत बर्फाने त्यांची तोंडं काळी केली. पाटाचं पाणी सकाळी कडेला गोठलेलं असायचं. हुल्कर रोज उठून बागेत एक फेरी मारायची आणि फेरी मारता मारता शिव्या घालायची. त्या थंडीला होत्या की आणखी कुणाला, हे विचारायची हिंमत शेजारची तुर्सुनोय-खालाही करत नसे, आणि तुर्सुनोय-खाला न विचारणाऱ्यातली नव्हे.

घर सासूचं होतं. बाग हुल्करची. ती लग्न होऊन आली तेव्हा मागच्या अंगणात तुतीचं एक पोकळ झाड, दोन जर्दाळू आणि मोडक्या सायकली होत्या. सायकली तिने भंगारवाल्याला दिल्या, जमीन खणली, डाळिंबं लावली, द्राक्षाचा वेल लावला. आता तिथे तिची स्वतःची वस्ती होती. तुतीच्या पोकळीत हुदहुद पक्ष्याचं बिऱ्हाड होतं. डाळिंबाच्या मुळाशी एक कासव थंडीभर मातीत झोपायचं. वेल थंडीसाठी आडवा करून मातीखाली पुरलेला असे, त्या मऊ मातीत बेडूक राहायचे. वेल उघडताना ती फावडं वापरत नसे, हातांनी माती सारायची. शेणखताच्या ढिगाशी साळुंक्यांची भांडणं चालायची, आणि ती भांडणं हुल्करला फार आवडायची. त्यांना कुणी गप्प बसवत नसे ना.

तिला मात्र बसवत. कारण घरात पाकोळीचं घरटं होतं.

ओसरीच्या मधल्या तुळईला ते मातीचं घरटं सासूच्या सासूच्या काळापासून चिकटलेलं होतं. दरवर्षी वसंतात पाकोळ्या यायच्या, पिल्लं काढायच्या, शरदात जायच्या. आणि ज्या घरात पाकोळी राहते त्या घरात आवाज चढवायचा नाही, हे तिथल्या लेकराबाळांनाही ठाऊक. पाकोळी भांडणाचं घर सोडते, आणि ती गेली की घराची बरकतही जाते. सासू बिबिसोरा या गोष्टीवर नमाजाइतकी ठाम होती. पाकोळ्या असेपर्यंत ती सुनेला टोमणेसुद्धा हळू आवाजात मारायची, म्हणजे मारायची मात्र नक्की.

हुल्करचं तोंड तिखट होतं, हे तिचे दोस्तही मान्य करतील. नवरा मुरोद परमुलखात इमारती बांधायला गेलेला, वर्षातून एकदा ऐन थंडीत यायचा. या खेपेला तो परत निघाला त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं होतं आणि बिबिसोरा सगळ्यांदेखत उसासा टाकून म्हणाली, "चार वर्षं झाली. पाळणा अजून माळ्यावरच."

हुल्कर चहा ओतत होती. तिने किटली खाली ठेवली. सासूला ती ओयी म्हणायची.

"ओयी, पाखरं निदान अर्धं वर्ष तरी घरट्यात राहतात. तुमचा मुलगा पंधरा दिवस येतो, त्यातले दहा दिवस लोकांकडे पुलाव खात फिरतो. मग अंडं काय मी फोनवर घालू?"

पुरुष खोकले. बायकांनी पदराआड तोंडं लपवली. मुरोद आपल्या बुटांकडे पाहत राहिला. हुल्करला सासूच्या उसाशाचा राग आला होता, पण त्या बुटांकडे पाहण्याचा आला तो अजून उतरला नव्हता.

बिबिसोराने ते वाक्य गाठीला बांधून ठेवलं. नवरोजच्या सुमारास पाकोळ्या आल्या नाहीत, तेव्हा तिने ती गाठ सोडली.

"येतील कशा? ऐकलं असेल त्यांनी."

"ओयी, तेव्हा त्या इथे नव्हत्याच. थंडीत कुठे असतात पाकोळ्या?"

"घर ऐकतं. घर सांगतं त्यांना," बिबिसोरा म्हणाली. "वेल मांडवावर चढेपर्यंत वाट बघेन. तोवर तुळईवर पाकोळी दिसली नाही, तर तू तुझ्या आईकडे जा. मी मुरोदला सांगितलंय."

"मग तो काय म्हणाला?"

"काय म्हणायचंय? आईचं ऐकतो तो."

म्हणजे पुन्हा बुटांकडे पाहिलं असणार. हुल्कर बागेत गेली आणि शेणखताचा ढीग दाताळ्याने उलथापालथा केला. आईकडे जाणं म्हणजे काय, ते तिला पक्कं माहीत होतं. आईकडे दोन भावजया होत्या, एक खोली होती, आणि बागेच्या नावाने डब्यात लावलेला कांदा. इथल्या मातीत तिने चार वर्षं घातली होती, आणि ती आता एका पाखराच्या येण्याजाण्यावर टांगली गेली होती.

आणि पाखरं का येत नाहीत, ते आंधळ्यालाही दिसत होतं. ओसरीला पुढून प्लास्टिकचा कागद लावलेला होता.

गावात सगळेच लावतात. पाऊसवारा अडतो, आत शेगडी ठेवली की ओसरी उबदार राहते. नवरोज आला की कागद उतरतो. या वर्षी थंडी लांबली आणि बिबिसोराचे गुडघे धरले, म्हणून कागद राहिला. मधे ये-जा करायला कापडी पडदा होता, त्यावरही तिने जुनी रजई टांगली. हुल्करने पाकोळ्या तारेवर बसलेल्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. कागदापुढे येऊन फडफडताना पाहिल्या होत्या. तिने सांगितलं, तर सासू म्हणाली, "तुला हव्या तेव्हा हव्या त्या गोष्टी दिसतात." म्हातारीला लांबचं धड दिसत नव्हतं, आणि सुनेच्या डोळ्यांनी पाहायची तिची तयारी नव्हती.

मग हुल्करने एका सकाळी टेबलावर स्टूल ठेवून, त्यावर चढून तुळईच्या समोर, कागदाला वरच्या अंगाला हातभर भोक पाडलं. दुपारी धुणं वाळत घालून आली, तर भोकावर चिकटपट्टी. एक नाही, एकावर एक तीन थर. गुडघे धरलेली बाई तिथवर चढली कशी, हे देवच जाणे.

"ओयी, ही पट्टी तुम्ही लावली?"

"वारा येतो."

"तिथून पाकोळी आली असती."

"ज्याला यायचंय तो दारातून येतो," बिबिसोरा म्हणाली आणि रजई गुडघ्यांवर ओढून घेतली.

हुल्करने त्यावर काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. उत्तर दिलं ते मात्र इतक्या मोठ्याने, की तुर्सुनोय-खाला हातातलं पीठ तसंच घेऊन भिंतीशी आली. बिबिसोराने तिच्याकडे पाहून नुसते हात पसरले, जणू म्हणायचं होतं, बघ, मी काय वेगळं सांगत होते.

त्यानंतर वेल चढायचीही वाट पाहिली गेली नाही. बिबिसोराची थोरली जाऊ सलोमत, जी गावातली कुणाचीही मोडलेली लग्नं स्वतःच्या हाताने मोडल्यासारखी मोजून सांगायची, तिने दिवस ठरवला. हुल्करच्या आईला, रिसोलतला, निरोप गेला. "येताना सामानाला पिशवी आणा," एवढंही त्या निरोपात होतं.

आदल्या रात्रभर बर्फ आणि पाऊस एकत्र कोसळले. सकाळी थांबले, पण हवा अशी की श्वास दातांना लागत होता. बायका जमल्या: सलोमत मखमलीचा अंगरखा घालून, तुर्सुनोय-खाला शेजारी म्हणून आणि साक्षीदार म्हणून, आणि हुल्करची आई रिसोलत, मांडीवर घडी घातलेली मोठी चौकड्याची प्लास्टिकची पिशवी घेऊन. ओसरीत कागदाआड शेगडीभोवती जेवणाचं दस्तरखान पसरलं होतं. सुनेनेच सगळं रांधायचं, सुनेनेच वाढायचं आणि सुनेच्याच हकालपट्टीची बोलणी व्हायची, असा एकूण बेत होता.

"पाल्याचे सामोसे छान झालेत," सलोमत तोंड भरलेलं असताना म्हणाली. "हाताला चव आहे हो पोरीच्या. जिभेलाच नाही."

"लहानपणापासून सांगत आलेय मी," रिसोलत खाली मान घालून म्हणाली. "गप्प राहा म्हणून."

आईचं हे बोलणं हुल्करला सगळ्यात जास्त लागलं. सलोमतकडून तिला वेगळी अपेक्षा नव्हती.

"पुदिना संपला," ती म्हणाली आणि छाटणीचा चाकू घेऊन रजई सारून बाहेर पडली. पुदिना भरपूर होता. तिला फक्त त्या ओसरीत आणखी एक क्षण उभं राहायचं नव्हतं.

कागदाच्या पायथ्याशी, भिंतीलगतच्या चरात, काळंनिळं काहीतरी पडलं होतं. जवळ गेल्यावर तिला दिसलं ते काय आहे.

पाकोळ्या होत्या. रात्री ऊब शोधत त्या नेहमीच्या जागी आल्या असणार, कागदाला लागून वरच्या पन्हाळीच्या आडोशाला एकमेकींना चिकटून बसल्या असणार, आणि भिजून, गारठून एकेक खाली गळल्या असणार. आत चार हातांवर शेगडी पेटलेली होती. कागदावर आतून वाफ जमली होती. वर, त्या भोकाच्या जागी, चिकटपट्टीवर ओरखडे होते.

हुल्कर गुडघ्यांवर बसली आणि एकेक उचलू लागली. काही लाकडासारख्या ताठ झाल्या होत्या. काहींच्या छातीत बोटांना कसंबसं धडधडणं लागत होतं. तिने सगळ्या ओच्यात घेतल्या. आतापर्यंत ती चिडलेली होती, धुसफुसत होती, भांडत होती. हा राग वेगळा होता. याला आवाजच नव्हता.

ती आत आली तेव्हा सलोमत म्हणत होती, "मुरोदसाठी मी एक मुलगी बघूनही ठेवलीय, शांत, गाईसारखी."

"हात पुढे करा, खाला," हुल्कर म्हणाली.

"काय?"

"हात."

सलोमतने हात पुढे केले, आणि हुल्करने त्यांत एक गारठलेली पाकोळी ठेवली. "ओंजळ मिटा. छातीशी धरा. हलू नका, बोलू नका. ऊब मिळाली तर जगेल."

सलोमतचं तोंड उघडं राहिलं. पण पाकोळीला नाही म्हणायची छाती त्या गावात कुणाची नव्हती. हातातून टाकली आणि मेली, तर ते पाप सात पिढ्या धुवून जायचं नाही. तिने ओंजळ मिटली. हुल्करने तुर्सुनोय-खालाला एक दिली. आईला एक दिली. रिसोलतने पिशवी बाजूला सारून ती कुर्त्याच्या आत, उराशी धरली. एक हुल्करने स्वतःच्या गळपट्टीत ठेवली.

जिवंत तेवढ्याच होत्या. ओच्यात उरल्या त्या सगळ्या मेलेल्या.

तिने त्यांतली एक उचलली, पंख नीट मिटवले आणि सासूच्या हातात दिली.

"ही तुमची, ओयी. धरा."

बिबिसोराने पाखरू घेतलं. तिने हातांकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं, मग बाह्यांत हात ओढून घेऊन ती ओणवी झाली आणि ओंजळीत फुंकर घालू लागली. घाल फुंकर, हुल्करच्या मनात आलं. घाल दिवसभर.

चार बायका ओंजळी मिटून बसल्या होत्या. कुणाला उठता येत नव्हतं, हातवारे करता येत नव्हते, आवाज चढवता येत नव्हता. इतकी शांत मसलत त्या ओसरीने कधी पाहिली नसेल. सलोमतचं नाक वाहू लागलं आणि ते पुसायलाही तिला हात मोकळा नव्हता. हुल्कर मधोमध उभी राहिली आणि हळू आवाजात बोलली.

"माझ्या जिभेमुळे पाकोळी आली नाही म्हणता ना? त्या आल्या होत्या. कधीच्या आल्या होत्या. दारावर डोकं आपटत होत्या. मी भोक पाडलं, ते बुजवलं. रात्री तुम्ही इथे रजईत होतात तेव्हा त्या ह्या कागदापलीकडे मरत होत्या. माझी जीभ तिखट आहे, असेल. पण माझ्या जिभेने आजवर एक पाखरू मेलेलं नाही. आणि पाळण्याचं म्हणाल, तर ते मला नका विचारू. नवऱ्याला धरून आणा, घरात ठेवा, मग विचारा. सगळ्यांना माहीत आहे हे. तुर्सुनोय-खाला, तुम्हाला माहीत नाही? आई, तुला माहीत नाही? मग माना कसल्या डोलावता?"

कुणी मान डोलावली नाही.

तिने चाकू काढला, स्टुलावर चढली आणि कागद जिथवर हात पोचला तिथून खालपर्यंत चिरला. मग आडवा चिरला. कागद फरफरत खाली आला, गार वारा आत शिरला, शेगडीची राख दस्तरखानावरच्या सामोशांवर उडाली. वरचा पट्टा, चिकटपट्टीसकट, तेवढा लोंबत राहिला. तिथवर तिचा हात पुरला नाही.

मग ती बागेत गेली आणि शेणखताचा ढीग पुन्हा उलथला. वरचा थर गोठलेला होता, आतून वाफा निघत होत्या. वाफेबरोबर चिलटं उठली, पाकोळ्यांचं खाणं. दुपारकडे ढग फाटून थोडं ऊन पडलं, आणि ओसरीत सलोमत एकदम किंचाळायची राहिली, कारण तिच्या पाखराने तिच्या मखमलीच्या बाहीवर घाण केली होती आणि बोटांतून निसटून थेट तुळई गाठली होती.

पाठोपाठ तुर्सुनोय-खालाची गेली. हुल्करची गळपट्टीतून निघाली ती आधी खांद्यावर बसली, मग वर गेली. रिसोलतची सगळ्यात शेवटी.

"आल्या ग बाई, बिबिसोरा," तुर्सुनोय-खाला म्हणाली. "तुळईवर आल्या."

सलोमत नाक पुसत होती. मोकळे हात मिळताच जीभही मोकळी झाली. "बघितलंस? पोरगी जरा हळू बोलली, की लगेच बरकत आली. चला, मिटलं म्हणायचं. राहू दे तिला."

हुल्करचं डोकं पुन्हा तापलं. पाकोळी नाही म्हणून जा, पाकोळी आली म्हणून राहा. म्हणजे तिचं स्वतःचं वजन पाखराच्या पिसाएवढंही नाही. ती काही बोलणार, तेवढ्यात तिची आई उठली. रिसोलतने ती चौकड्याची पिशवी घेतली, शेगडीत घातली आणि ती वितळेपर्यंत चिमट्याने दाबून धरली. धुराचा घाण वास सुटला. "मी निघते," ती म्हणाली. एवढं करून ती खरोखरच निघाली, आणि बाकीच्यांनाही मग बसवेना.

बिबिसोरा मात्र जागची हलली नव्हती. बाह्यांत हात तसेच होते. हुल्कर पेले गोळा करत तिच्यापर्यंत आली.

"उठा, ओयी. वारा आहे."

"मेलेलीच दिलीस ना मला?" बिबिसोराने विचारलं.

हुल्करने पेले खाली ठेवले. "हो."

"हातात पडली तेव्हाच कळलं. मुरोदच्या आधी तीन लेकरं गेली माझी, ह्याच हातांतून. मेलेलं हाताला कसं लागतं, ते तू मला शिकवू नकोस."

"मग बोलला का नाहीत? फुंकर कशाला घालत बसलात?"

"काय बोलू? सुनेने मेलेली पाकोळी सासूच्या हातात दिली, हे सलोमतने ऐकलं असतं, तर पिशवी तिनेच भरली असती तुझी. मग ह्या वरच्या चार काय, चाळीस आल्या असत्या तरी तुला कुणी ठेवून घेतलं नसतं." तिने ओंजळ बाहेर काढून उघडली. दिवसभर धरून पाखराची पिसं वाळली होती, चकाकत होती. "कागद मी ठेवला. पट्टी मी लावली. मग हे कुणी धरायचं?"

हुल्करने पेले पुन्हा उचलले. राग गेला नव्हता. त्याचं काय करायचं तेवढं कळेनासं झालं होतं.

"मी हे विसरणार नाही, ओयी," ती म्हणाली.

"नको विसरूस. मेलेली दिलीस, ते मीही नाही विसरणार." बिबिसोराने भिंतीला धरून गुडघे सरळ केले. "त्या सगळ्या वेलाच्या मातीत पूर. आणि तो वर लोंबतोय तो तुकडा काढ. त्यांच्या वाटेत येतो."

"माझा हात पुरत नाही."

"टेबलावर स्टूल ठेव. मी धरते."

हुल्कर चढली. सासूने दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं. तुळईवर पाकोळ्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या आणि खाली पाहत होत्या.

"मुरोदला फोन करा," हुल्कर चिकटपट्टीत चाकू घालता घालता म्हणाली. "सांगा, या खेपेला पंधरा दिवसांसाठी यायचं असेल तर येऊ नको."

"तूच सांग."

"तुम्ही सांगा. मुलगा तुमचा आहे. बुटांकडे बघायला तुम्हीच शिकवलंय त्याला."

"जीभ बघ हिची. वरून पडशील तेव्हा कळेल."

"पडले तर तुम्हीच सोडलं असं सांगेन सगळ्यांना."

"हळू बोल, कार्टे. वर ऐकतायत."

"हळूच बोलतेय. तुम्हीच ओरडताय."

अंधार पडेपर्यंत त्या दोघी तशाच भांडत होत्या, मुरोदवरून, गुडघ्यांवरून, पट्टीच्या तीन थरांवरून, आणि एकीनेही आवाज कुजबुजीच्या वर जाऊ दिला नाही. रस्त्याने जाणाऱ्याला वाटलं असतं, सासूसुना कसल्या गुजगोष्टी करत बसल्यात.